मर्यादित संसाधने आणि प्रकल्पाचे कालनियोजन : बोरघाट रेल्वेमार्गाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रकल्प-व्यवस्थापनाच्या अध्यापनात १९५७ च्या क्रिटिकल पाथ पद्धतीला मिळणारे प्राधान्य समजण्यासारखे आहे. कार्यांचा क्रम व प्रत्येकाचा कालावधी दिला की विद्यार्थी तासाभरात प्रकल्पाचा किमान कालावधी काढतो. मात्र माणसे, यंत्रे व साहित्य हवे तेव्हा हवे तितके मिळते, हे या आकडेमोडीत गृहीत धरलेले असते. दोन बोगदे परस्परांवर अवलंबून नाहीत, म्हणून ते एकाच वेळी खोदता येतील, असे ही पद्धती सांगते. सुरुंग लावणारी टोळी एकच असेल तर काय, याविषयी ती मौन पाळते.

ही मर्यादा मान्य केली की प्रश्नाचे स्वरूपच पालटते. ब्लाझेविच, लेन्स्ट्रा व रिनॉय कान यांनी १९८३ मध्ये हा प्रश्न एनपी-हार्ड वर्गातील असल्याचे दाखविले. कार्यांची संख्या वाढली तरी वाजवी वेळात हमखास इष्टतम उत्तर देईल, अशी रीत ज्ञात नाही. म्हणूनच केली यांनी १९६३ मध्ये मांडलेली, अग्रक्रम ठरवून एकेक कार्य वेळापत्रकात बसविण्याची रीत आजही उपयोगी पडते. जनुकीय अल्गोरिदमसारख्या पद्धतीही बहुधा तिच्याच आधारे उत्तरे रचतात.

या संशोधनाच्या गणिती उंचीविषयी वाद नाही. आक्षेप आहे तो 'संसाधन' या शब्दाला दिल्या गेलेल्या अर्थाविषयी. मूळ प्रतिमानात मजूर हे नूतनीकरणीय संसाधन होय, म्हणजे एक काम संपले की तीच संख्या दुसऱ्या कामाला उपलब्ध होते. कोलिश व श्प्रेखर यांच्या १९९० च्या दशकातील सुपरिचित उदाहरणसंग्रहात ही उपलब्धता आरंभापासून अखेरपर्यंत स्थिर असते. आपल्या पाठ्यपुस्तकांतील गणितांतही पाऊस पडत नाही.

खोपोलीच्या माथ्यावरील बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पुरे झाले. पंचवीस बोगदे होते व कठीण काळ्या पाषाणात हाताने भोके पाडून सुरुंग उडवावे लागत. बोगद्याच्या तोंडाशी मोजकीच माणसे उभी राहू शकतात. तेथे जास्त मजूर मिळाले म्हणून कालावधी त्या प्रमाणात घटत नाही. म्हणजे खरी टंचाई जागेची होती. १८६१ च्या सुमारास मजुरांची संख्या ४०,००० च्या वर गेली होती. परंतु पावसाळ्यात काम मंदावे, माणसे गावी परतत, पटकीच्या साथीत अनेक दगावत. १८५९ मध्ये मजुरीवरून दंगल झाली आणि कंत्राटदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. त्यांच्या जागी आलेले सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी मृत्यू पावले व पुढील कंत्राट त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी व्यवस्थापकांकरवी तडीस नेले. या मजुरांना 'नूतनीकरणीय' म्हणणे केवळ ढोबळ नव्हे, अनुचितही आहे. पुढील संशोधनाने ऋतुमानानुसार बदलणारी उपलब्धता प्रतिमानात आणली, हे मान्य केले पाहिजे. परंतु तेथेही ती बहुधा बाहेरून दिलेली असते. मजुरी थकली की मजूर निघून जातो, म्हणजे नियोजकाचा निर्णयच उपलब्धता बदलतो, याची नोंद क्वचितच होते.

दुसरा मुद्दा उद्दिष्टाचा. एकूण कालावधी किमान करणे हेच ध्येय मानले तर पळसदरीहून खोपोलीपर्यंत १८५६ मध्ये सुरू झालेल्या मार्गाचा अर्थ लागत नाही. त्याने घाटातील एकही बोगदा लवकर पुरा होणार नव्हता. तरीही १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू होताच दोन्ही टोके १८३० च्या घाटरस्त्याने जोडली गेली. उतारू व माल खोपोलीस उतरून रस्त्याने खंडाळ्यास जात आणि पुढे पुन्हा गाडी धरीत. सर्वांत अवघड भाग पुरा होण्याआधी पाच वर्षे मुंबई-पुणे वाहतूक चालू झाली. अर्धवट प्रकल्पाचा उपयोग मोजणारी, पैशाच्या कालमूल्यावर आधारलेली प्रतिमाने १९७० पासून मांडली गेली आहेत. पदवी-अभ्यासक्रमात मात्र त्यांना अभावानेच स्थान मिळते.

घाट पुरा झाल्यानंतर चारच वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, त्यातील एक मोठा दगडी पूल कोसळला व तो पुन्हा बांधावा लागला. समाप्तीचा दिनांक १८६३ धरणाऱ्या गणितात या दुसऱ्या बांधकामाला रकाना नाही.