नाट्यगृहातील भ्रमणध्वनी : शिष्टाचार, खासगीपणा आणि चारचौघे

ठाण्यात घोडबंदर मार्गावरील मानपाडा परिसरात महानगरपालिकेचे डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. दुसरा मानपाडा डोंबिवली पूर्वेचा. तिकडचा प्रेक्षक सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटकाला जातो. दोन्ही ठिकाणी तिसऱ्या घंटेच्या आसपास एकच विनंती ऐकू येते : भ्रमणध्वनी बंद ठेवावेत. ही विनंती आता नांदीइतकीच परिचित झाली आहे, आणि नांदीप्रमाणेच ती पुष्कळदा कोणी ऐकत नाही. प्रस्तुत लेखात या विनंतीविषयी, तिच्या उल्लंघनाविषयी आणि त्यावर व्यक्त होणाऱ्या रोजच्या मतांविषयी काही विचार मांडले आहेत. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या प्रश्नात आपली खासगीपणाची कल्पना गुंतलेली आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२०१९ च्या जुलै महिन्यात या प्रश्नाला अचानक तोंड फुटले. 'नॉक नॉक सेलिब्रिटी' या नाटकाच्या नाशिक येथील प्रयोगात प्रेक्षागृहातील फोन वाजत राहिल्याने सुमीत राघवन यांनी प्रयोग थांबवला. त्याच महिन्यात, हे असेच चालणार असेल तर नाटकात काम न केलेलेच बरे, अशा आशयाची व्यथा सुबोध भावे यांनी जाहीरपणे मांडली. ते तेव्हा 'अश्रूंची झाली फुले' या वसंत कानेटकरांच्या नाटकात लाल्याची भूमिका करीत होते. मूळ नाटक १९६६ चे. त्यात प्राध्यापक विद्यानंद प्रभाकर पणशीकरांनी आणि लाल्या डॉ. काशिनाथ घाणेकरांनी उभा केला होता. २०१८ च्या चित्रपटात घाणेकरांची भूमिका भावे यांनीच केली होती. मानपाड्याच्या नाट्यगृहाला ज्या नटाचे नाव आहे, त्याच्याच गाजलेल्या भूमिकेच्या निमित्ताने हा वाद पेटावा, हा योगायोग लक्षणीय आहे.

यावर उमटलेल्या मतांचे स्वरूप ठराविक होते. एका पक्षाने प्रेक्षकांचे संस्कार काढले. दुसऱ्या पक्षाने तिकिटाचे पैसे मोजल्याची आठवण करून देत नटांना अहंकारी ठरवले. डॉक्टरने किंवा घरी आजारी माणूस असणाऱ्याने काय करावे, असे तिसऱ्याने विचारले. या तिन्ही मतांत तथ्याचा अंश आहे. परंतु पहिली दोन मते माणसाच्या स्वभावापाशीच थांबतात. वाजणाऱ्या फोनने नेमके काय बिघडते, हा प्रश्न त्यांत विचारलाच जात नाही.

शांतता ही मराठी रंगभूमीची सनातन परंपरा आहे, हा समज प्रथम बाजूला ठेवावा लागतो. संगीत नाटकांच्या बहराच्या काळात 'वन्स मोअर'च्या आरोळ्यांनी प्रयोग थांबत, पद पुन्हा गायिले जाई आणि नाटक रात्रभर लांबे. त्यात कोणाला व्यत्यय वाटत नसे. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगमंचावर आणले. त्यानंतर वास्तववादी नाटक रुजत गेले आणि त्याबरोबर अंधारात बसून दुसऱ्यांच्या घरात डोकावणारा मूक प्रेक्षकही घडत गेला. तरीही घाणेकरांच्या प्रवेशाला शिट्ट्या आणि टाळ्या पडतच होत्या. लाल्याचा प्रेक्षक आजच्या प्रेक्षकापेक्षा शांत होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

मग फरक कशात आहे? शिट्टी नाटकाला उद्देशून असते. ती मारणारा प्रेक्षक, कितीही उथळ असला तरी, त्या क्षणी नाटकातच असतो. फोन मात्र बाहेरून येतो आणि एकाच माणसाला उद्देशून येतो. चारशे-पाचशे माणसांनी मिळून जे एक सामायिक लक्ष उभे केलेले असते, त्यात एका माणसाचा खासगी व्यवहार घुसतो. म्हणून ढोलकीच्या तालावर वाजलेल्या शिट्टीहून हळू आवाजातील 'हं, नाटकात आहे, नंतर करतो' हे वाक्य जास्त खुपते. आवाजाच्या पातळीचा येथे फारसा संबंध नाही. २०१५ मध्ये न्यूयॉर्क येथे पॅटी लुपोन या अभिनेत्रीने प्रयोग चालू असताना एका प्रेक्षकाच्या हातातील फोन काढून घेतला. तो फोन वाजत नव्हता. त्यावर संदेश लिहिणे चालले होते आणि पडद्याचा उजेड दिसत होता. आपल्याकडील वाद मात्र अजून घंटीच्या आवाजापाशीच रेंगाळतो. अंधारात चेहऱ्यावर निळसर उजेड घेऊन बसलेला माणूस, आपण तर फोन मूक केला आहे, या समाधानात असतो.

या सवयीला अर्थकारणाचीही बाजू आहे. देशातील पहिला भ्रमणध्वनी कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. आरंभीची काही वर्षे येणाऱ्या कॉललाही पैसे पडत असत. त्यामुळे आलेला फोन तोडणे हाच शहाणपणा होता. २००३ च्या मे महिन्यापासून येणारे कॉल मोफत झाले, २०१६ मध्ये जिओची सेवा आल्यावर इंटरनेटही स्वस्त झाले, आणि फोन न घेण्याचे उरलेले कारणही संपले. शिष्टाचार म्हणून ज्याचे कौतुक होत होते, त्यातला बराचसा भाग काटकसरीचा होता, असे आता मागे वळून पाहता म्हणावे लागते.

उपाय म्हणून सर्वाधिक लोकप्रिय ठरली ती जॅमरची कल्पना. मुंबई महानगरपालिकेतही २०१९ मध्ये ती चर्चेला आली. पण केंद्र सरकारने विशेष परवानगी दिल्याखेरीज जॅमर वापरणे बेकायदा आहे, असे दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. कायदा बाजूला ठेवला तरी हा उपाय आंधळा आहे. जॅमर नाट्यरसिक आणि बेपर्वा प्रेक्षक यांत भेद करीत नाही, आणि घोडबंदर मार्गासारख्या दाट वस्तीत त्याच्या लहरी नाट्यगृहाच्या भिंतीपाशी थांबतील, याची खात्री नसते. न्यूयॉर्क शहराने २००३ मध्ये महापौर ब्लूमबर्ग यांचा नकाराधिकार डावलून नाट्यगृहात फोन वापरणाऱ्यास पन्नास डॉलर दंडाचा नियम केला. तो नियम असतानाच २०१५ चा उपरोक्त प्रसंग घडला. डॉक्टरांच्या अडचणीवर तर जुन्या काळी साधा उपाय होता. आसनक्रमांक द्वारपालाला सांगून ठेवायचा, निकड आली की तो येऊन हळूच बोलावून नेई. यात प्रेक्षक आणि नाट्यगृह यांच्यात एक करार असे. जॅमरमध्ये करार नाही, केवळ अविश्वास आहे.

नाट्यगृहाबाहेर पडले की हाच प्रश्न रेल्वेच्या डब्यात आणि बसमध्ये भेटतो. 'बेस्ट'ने २०२३ च्या एप्रिलमध्ये इयरफोनशिवाय ध्वनिचित्रफिती पाहण्यास आणि मोठ्याने फोनवर बोलण्यास मनाई केली. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने सार्वजनिक जीवनातील एका अलिखित सौजन्याचे वर्णन केले आहे : शेजारच्या अनोळखी माणसाची दखल घ्यायची, पण त्याच्याकडे निरखून पाहायचे नाही. त्याला शिष्ट दुर्लक्ष म्हणता येईल. डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये चौथ्या आसनावर अर्धवट बसलेला प्रवासी हे सौजन्य रोज पाळतो. समोरच्या बाईने स्पीकर लावून सुरू केलेले नणंदेचे प्रकरण न ऐकल्यासारखे करणे, हे आता त्याचेच काम झाले आहे. बोलणाऱ्याने चारचौघांचे भान ठेवायचे, ही पूर्वीची जबाबदारी ऐकणाऱ्याच्या कानांवर ढकलली गेली आहे.

येथे भाषेकडे वळणे आवश्यक ठरते. ज्या कल्पनेसाठी इंग्रजीत एकच शब्द आहे, तिच्यासाठी मराठीत निदान तीन शब्द फिरत असतात आणि तिन्ही तिला पुरते पकडत नाहीत. 'खासगी' हा शब्द संस्थानी कारभारातला. होळकरांच्या दौलतीत सरकारी आणि खासगी असे दोन हिशेब वेगळे असत; खासगी म्हणजे राजघराण्याची स्वतःची मिळकत. पुढे त्याचा अर्थ 'सरकारी नव्हे ते' असा झाला : खासगी शाळा, खासगी बस, खासगी शिकवणी. 'गोपनीयता' हा शब्द मंत्र्यांच्या शपथेत येतो. तो राज्याच्या गुपिताचा शब्द आहे आणि त्यात काहीतरी लपवण्याची छटा आहे. 'एकांत' हा साधकाचा किंवा प्रेमिकांचा. चारचौघांत असतानाही माणसाचा एक भाग त्याचा स्वतःचा राहावा, या अपेक्षेला रुळलेला शब्द नाही. 'माझ्याकडे लपवण्यासारखे काही नाही' हे इंटरनेटवरील माहितीविषयी सुशिक्षित घरांतून सर्रास ऐकू येणारे मत याच उणिवेतून बळ घेते. प्रश्न गोपनीयतेचा म्हणून मांडला की उत्तर लपवाछपवीच्या भाषेतच येणार.

शब्द नव्हता याचा अर्थ जाणीव नव्हती, असा मात्र नाही. चाळीतील जीवनात उघडे पोस्टकार्ड कोणीही वाचावे अशी स्थिती होती, तरी लोक पत्रांत काय लिहायचे नाही ते जाणून होते. शेजारच्या घरचा दूरध्वनी 'पी.पी. नंबर' म्हणून अर्जावर लिहिला जाई. निरोप घेऊन येणारे पोर आणि फोन ठेवलेल्या खोलीतून हळूच उठून जाणारी शेजारीण ही त्या व्यवस्थेची दोन टोके होती. चाळीचे गोडवे गाण्याचे येथे कारण नाही. याच चारचौघांचे न्यायासन कसे होते, हे विजय तेंडुलकरांनी १९६७ मध्ये 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकात दाखवून ठेवले आहे. त्यात बेणारेबाईंवर खटला चालवायला पुरावा लागत नाही. सर्वांना सर्व ठाऊक असते, आणि खेळाच्या मिषाने ते बोलायची मुभा मिळते. आज एखाद्याची ध्वनिचित्रफीत 'गंमत म्हणून' पुढे पाठवली जाते, तेव्हा त्या नाटकातील खेळच नव्या साधनांनी खेळला जातो. चाळीच्या बाजूने एवढेच म्हणता येते की तेथे पाहणाराही पाहिला जात होता.

नव्या व्यवस्थेत हे परस्परत्व नाही. २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांनी नागरिकांच्या कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकले जात असल्याच्या आरोपावरून अटका केल्या. त्यांत खासगी गुप्तहेरही होते. (येथे 'खासगी' शब्दाची गंमत वेगळी सांगायला नको.) अशा तपशिलात संभाषण नसते. कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या मनोऱ्याच्या टप्प्यातून फोन केला, एवढेच असते. पण तेवढ्यावरून माणसाचे आयुष्य वाचता येते, आणि वाचणारा कोण हे त्या माणसाला कळत नाही. मोठ्या गृहसंकुलांच्या दारावर पाहुण्याचे छायाचित्र आणि भ्रमणध्वनी क्रमांक ॲपमध्ये नोंदवून घेतात, तेव्हा जिन्यातल्या शेजाऱ्याच्या नजरेची जागा अशीच एक वही घेते. शेजारी विसरत असे. ही वही कोण, किती काळ जपणार, हे पाहुण्याला कोणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. फोन वाजला म्हणून नाटकात संतापणारा रसिक दारावर मात्र निमूट क्रमांक देतो. यात ढोंग नाही. एक अतिक्रमण कानाला कळते, दुसरे कशालाच कळत नाही.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. या कायद्यातील एक तरतूद प्रस्तुत विषयाला थेट भिडते. एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रयोग सादर करणाऱ्या कलावंताला स्वतंत्र हक्क आहे. परंतु केवळ स्वतःच्या उपयोगासाठी कोणी ध्वनिमुद्रण वा चित्रण केले तर तो भंग मानला जात नाही. दोन्ही कायदे 'स्वतःपुरते' या रेषेवर येऊन थांबतात. टेपरेकॉर्डरच्या काळात ही रेषा शाबूत होती, कारण मुद्रित केलेली फीत खरोखरच घरी, कपाटात राहत असे. आज तिसऱ्या रांगेतील प्रेक्षक लाल्याच्या प्रवेशाचे अर्धे मिनिट चित्रित करतो ते स्वतःसाठीच, आणि मध्यंतरात चहाचा कप हातात येण्यापूर्वी ते कुटुंबाच्या ग्रुपवर, तेथून मावसभावाच्या कार्यालयीन ग्रुपवर गेलेले असते. त्या अर्ध्या मिनिटात नटाबरोबरच दुसऱ्या रांगेतील एका अनोळखी स्त्रीचा चेहराही आलेला असतो. नटाच्या बाजूने निदान काही कलमे आहेत. तिला आपण त्या चित्रणात आहोत हेच ठाऊक नसते, आणि तिच्या वतीने बोलणारी, तूर्त तरी, तिसऱ्या घंटेआधीची ती विनंतीच काय ती आहे.