शेजाऱ्याची साक्ष

‘आपण मूळचे कुठले?’ हा प्रश्न मराठी माणूस पहिल्या भेटीतच विचारतो आणि उत्तरादाखल एका गावाचे नाव ऐकण्याची त्याची अपेक्षा असते. गाव कळले की तालुका, कुलदैवत आणि सोयरीक यांचा उलगडा आपोआप होतो. सुरतेसारख्या परप्रांतीय शहरात पिढ्या गेल्या तरी हा प्रश्न सुटत नाही. परंतु हाच प्रश्न आजच्या पश्चिम युक्रेनमधून निघालेल्या एखाद्या कुटुंबाला विचारला, तर उत्तर एका गावाने भागत नाही. ज्या शहराला आपण आज लविव म्हणतो, ते १९१८ पूर्वी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात लेम्बर्ग होते, दोन महायुद्धांच्या दरम्यान पोलंडमध्ये ल्वूफ होते, नंतर सोव्हिएत संघात गेले आणि १९९१ पासून स्वतंत्र युक्रेनमध्ये आहे. एखादी आजी एकाच घरात राहून तीन-चार राज्यांची प्रजा होऊ शकली. अशा प्रदेशातून पांगलेल्या कुटुंबांनी आपल्या मुळांचा शोध घेऊन जे लिहिले आहे, त्यातील काही ग्रंथांचा विचार येथे करावयाचा आहे. तो करताना आमच्यापुढे आपल्याकडील ‘कुलवृत्तांत’ हा वाङ्मयप्रकार आहे. कारण परक्याचे वाचन शेवटी आपल्या घरच्या मापानेच होते, आणि कधी कधी त्या मापातीलच खोट उघडी पडते.

कुलवृत्तांताला आपण वाङ्मय मानत नाही. समीक्षकांनी त्याची दखल घेतलेली नाही आणि कुलमंडळांनीही तशी अपेक्षा धरलेली नाही. तरीही विसाव्या शतकात, विशेषतः कोकणस्थ व कऱ्हाडे घराण्यांतून, असे कितीतरी ग्रंथ निघाले. त्यांचा साचा ठरलेला आहे. आरंभी गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव. मग मूळ पुरुष, त्याच्या शाखा, घराण्यांचे क्रमांक. नंतर एकेका व्यक्तीचा शिक्षण-नोकरी-विवाह असा चार ओळींचा परिच्छेद. अखेरीस वंशावळींचे तक्ते. हजारो पत्रे लिहून, गावोगाव हिंडून, त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळून ही माहिती जमवणाऱ्यांच्या चिकाटीबद्दल आम्हांला आदरच आहे. परंतु ग्रंथ मिटल्यावर त्यातला एकही माणूस डोळ्यांपुढे उभा राहत नाही, हेही तितकेच खरे.

याचे कारण या प्रकाराच्या जन्मातच आहे, असे आम्हांस वाटते. मराठीतील जुन्या घराण्यांच्या हकीकती लिहिल्या गेल्या त्या बहुधा हक्क शाबीत करण्यासाठी. वतनाचा तंटा उभा राहिला की अग्रवादी आणि पश्चिमवादी आपापल्या घराण्याची हकीकत ‘करीना’ म्हणून लिहून देत. वतन बापाकडून मुलाकडे जाणार. म्हणून करीन्यात बाप आणि मुलगा एवढेच महत्त्वाचे. गुजरातेत हेच काम वहीवंचा बारोटांनी केले. ए. एम. शहा आणि आर. जी. श्रॉफ यांनी १९५८ साली त्यांच्यावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात त्यांना वंशावळकार आणि पुराणकथाकार अशी दोन्ही विशेषणे लावली आहेत, ती सार्थ आहेत. यजमानाच्या बिदागीवर चालणारी वही यजमानाला न रुचणारे कसे लिहील? वतने गेली, बिदागी आटली. पण कुलवृत्तांताचा ढाचा मात्र करीन्याचाच राहिला. सासरी गेलेली लेक एका ओळीत संपते. धर्मांतर केलेला, परागंदा झालेला, घराशी भांडून गेलेला माणूस ‘माहिती उपलब्ध नाही’ या शब्दांत गडप होतो. सरकारी दप्तरात उमेद घालवलेल्या आम्हांला यात नवल वाटत नाही. दप्तराला जे विचारायचे असते, तेवढेच ते लिहून घेते.

आता युक्रेनकडे वळू. डॅनियल मेंडेलसन या अमेरिकन लेखकाचा ‘द लॉस्ट’ हा ग्रंथ २००६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आजोबांचे घराणे बोलेखुफ या छोट्या गावचे. आज ते युक्रेनमध्ये बोलेखिव म्हणून ओळखले जाते. आजोबा अमेरिकेत गेले. त्यांचे थोरले बंधू श्मिएल येगर अमेरिका पाहून परतले आणि गावातच राहिले. श्मिएल, त्यांची पत्नी आणि चार मुली अशी सहा ज्यू माणसे नाझी राजवटीत मारली गेली, एवढेच घरात सर्वांना ठाऊक होते. कशी, केव्हा, कोठे, हे कोणीच सांगू शकत नव्हते. आजोबांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पाकिटात श्मिएलने १९३९ साली मदतीसाठी लिहिलेली पत्रे सापडली. त्या सहा जणांचा शोध हाच या ग्रंथाचा विषय आहे.

मेंडेलसनने सुरुवात केली ती आपल्या कुलवृत्तांतकारांसारखीच. लहान वयातच तो तक्ते आखत होता, नातेवाइकांना पत्रे पाठवीत होता. परंतु तारखा आणि नावे जमली तरी माणसे हाती लागेनात. २००१ साली तो भावंडांसह बोलेखिवला गेला. पुढे ऑस्ट्रेलिया, इस्रायल, स्वीडन, डेन्मार्क असा हिंडला. इस्रायलमध्ये रक्ताची नाती भेटली. परंतु ज्या साक्षींवर ग्रंथ उभा आहे, त्या बहुतेक नात्यातल्या माणसांच्या नाहीत. त्या आहेत एकेकाळच्या गावकऱ्यांच्या, म्हणजे मुलींच्या मैत्रिणींच्या, शाळासोबत्यांच्या, शेजाऱ्यांच्या. श्मिएलला ऐकू कमी येई, एक मुलगी लाजाळू होती, दुसरी धीट होती, असले तपशील कोणत्याही दप्तरात नव्हते. ते शेजाऱ्याजवळ होते.

या साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत, आणि लेखक त्या जुळवूनही देत नाही. एक जण एक सांगतो, दुसरा त्याच्या विरुद्ध सांगतो. दोन्ही पानावर राहतात. यातच ग्रंथाची प्रामाणिकता आहे. एक उदाहरण फार बोलके आहे. श्मिएल एका किल्ल्यात लपला होता, असे आजोबांच्या सांगण्यावरून लेखक लहानपणापासून समजत आला होता. गावाजवळ तसा किल्ला कोणाला ठाऊक नव्हता. पुढे उमगले की आजोबांनी इंग्रजी ‘कॅसल’ हा शब्द उच्चारलाच नसावा. तो यिद्दिश भाषेतील ‘केस्टल’ असावा, म्हणजे पेटी, लहानशी बंदिस्त जागा. दुसऱ्या भेटीत, २००५ साली, गावातल्या वृद्ध रहिवाशांच्या सांगण्यावरून तो एका घराशी पोचला. तेथे जमिनीखालची ती जागा होती. श्मिएल आणि त्याची एक मुलगी तेथेच लपली होती, आणि कोणीतरी चहाडी केल्याने मारली गेली. घरातल्या कहाणीत सत्य होते. मात्र ते भाषेच्या एका गैरसमजाखाली दडले होते. ते उकलले ते ज्यांच्याविषयी घरात कडवटपणाच ऐकू येई, त्या युक्रेनी गावकऱ्यांच्या मदतीने.

ग्रंथात दोष नाहीत असे नाही. आजोबांच्या गोष्ट सांगण्याच्या पद्धतीप्रमाणे तो आडवळणांनी चालतो. कीर्तनकाराच्या आख्यानात आडकथा शिरावी तशा त्यात ‘उत्पत्ती’च्या पुस्तकावरील भाष्ये शिरतात. केन आणि हाबेल यांच्या कथेचा दोन भावांच्या नशिबाशी लावलेला संबंध मर्मभेदक आहे. मात्र सर्वच ठिकाणी भाष्य तितके अपरिहार्य वाटत नाही. साक्षीदार एका बाजूला बोलत असताना लेखकाचे पांडित्य मध्ये आलेले काही वेळा खटकते. तरीही कुळाचा शोध कुळाबाहेर गेल्याशिवाय पुरा होत नाही, हे या ग्रंथाइतके ठसठशीतपणे दुसरीकडे आमच्या वाचनात आलेले नाही.

याच प्रदेशातील दुसऱ्या एका लोकसमूहाची वाट थेट महाराष्ट्रात येते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. १९३९ साली पूर्व पोलंड सोव्हिएत ताब्यात गेल्यावर ल्वूफ, तार्नोपोल, स्तानिस्लावूफ, व्होलिनिया या भागांतून पोलिश कुटुंबांना १९४० च्या फेब्रुवारीपासून मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानात धाडण्यात आले. जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारानंतर त्यांची सुटका सुरू झाली, आणि १९४२ साली जनरल अँडर्स यांच्या सैन्याबरोबर हजारो स्त्रिया-मुले इराणात पोचली. त्यांतील काही मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे आश्रय दिला. १९४३ पासून कोल्हापूरनजीक वळिवडे येथे मोठी छावणी वसली आणि सुमारे पाच हजार लोक तेथे १९४८ पर्यंत राहिले. तेथे पोलिश शाळा होत्या, चर्च होते, रुग्णालय होते, नाटके होत होती. युद्ध संपले, पण गाव परत मिळाले नाही. सीमा सरकली होती आणि ज्या घराला ते परतणार होते ते आता सोव्हिएत युक्रेनमध्ये होते. बहुतेक जण ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया असे पांगले. काही नव्या पोलंडमध्ये गेले.

या लोकांनी पुढे संघटना करून आपल्या आठवणी आणि कागदपत्रे एकत्र केली. तो ग्रंथ २००० साली लंडनमध्ये पोलिश भाषेत निघाला आणि नंतर ‘पोल्स इन इंडिया’ या नावाने इंग्रजीत आला. अनुराधा भट्टाचार्जी यांचे ‘द सेकंड होमलँड’ २०१२ सालचे. पहिला ग्रंथ कुलवृत्तांताला फार जवळचा आहे; फक्त येथे कुळाची जागा छावणीने घेतली आहे. रक्ताचे नाते नसलेली माणसे एका बराकीत वाढली, आणि पन्नास वर्षांनंतर एकमेकांना शोधू लागली ती सख्ख्या भावंडांच्या ओढीने. मूळ गाव गमावलेल्यांनी वळिवड्यालाच मूळ गाव मानले. १९९८ साली कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मारकस्तंभ उभा राहिला. २०१९ साली वळिवड्यातही स्मृतिसोहळा झाला, तेव्हा वृद्ध झालेली ती मुले पुन्हा आली. भट्टाचार्जी यांचे बळ वेगळे आहे. आश्रय कोणी दिला, खर्च कोणी सोसला, सरकारी पत्रव्यवहार कसा चालला, याचा कागदोपत्री छडा त्यांनी लावला आणि त्याला साक्षींची जोड दिली. पहिल्या ग्रंथात जिव्हाळा अधिक, दुसऱ्यात विवेक अधिक. दोन्ही एकत्र वाचावेत.

मात्र एक उणीव आहे, आणि तिचा दोष पोलिश लेखकांपेक्षा आमच्याकडे अधिक जातो. छावणी स्वयंपूर्ण होती. त्यामुळे तिच्या आठवणींच्या मध्यभागी छावणीच असणे स्वाभाविक आहे. छावणीला दूध-भाजी घालणारे, तिच्या कामावर येणारे, स्टेशनावर या गोऱ्या मुलांना पाहणारे वळिवडे-चिंचवाड-उचगावचे लोक स्वतः काय म्हणत होते, हे पोलिश मुलाने कसे लिहावे? ते मराठीने लिहावयाचे होते. पोलिश लोक गेल्यावर त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली आणि तेथे गांधीनगर वसले; आज ती कापडाची मोठी पेठ आहे. एकाच जमिनीच्या तुकड्याने दोन देशोधडीला लागलेल्या समाजांना आसरा दिला. याहून मोठा विषय आपल्या ग्रामवृत्तांताला कोणता मिळणार?

येथे आम्हांला करीन्याच्या जोडीचा जुना कागद आठवतो, तो म्हणजे महजर. वतनाचा निकाल केवळ वादी-प्रतिवाद्यांच्या हकीकतीवर होत नसे. गोतसभा बसे, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारगावचे लोक साक्ष देत, आणि कागदावर प्रत्येकाची निशाणी उठे. पाटलाचा नांगर असे, न्हाव्याचा आरसा असे. कुळाविषयी खरे काय ते गावाने सांगायचे, ही रीत आपलीच होती. कुलवृत्तांताने करीना उचलला आणि महजर सोडून दिला. मेंडेलसनने नकळत केले ते हेच की त्याने आपल्या घराण्याचा महजर भरवला, आणि जगाच्या पाच कोपऱ्यांतून शेजारी बोलावून प्रत्येकाची निशाणी घेतली.

या विचाराला सुरतेत निकड आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशातून आलेली, लिंबायत आणि उधन्याच्या वस्त्यांत राहून यंत्रमागांवर राबलेली हजारो मराठी कुटुंबे येथे आहेत. त्यांना ना वतनाचा कागद आहे, ना बारोटाची वही, ना कुलमंडळ. मूळ गाव धुळे-जळगाव-नंदुरबारात कोठेतरी. नातवंडे गुजराती वा हिंदी सहजपणे बोलणारी. १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खानदेश एकाच मुंबई राज्यात होते. सीमा आली ती नंतर. युक्रेनच्या उदाहरणाशी याची तुलना दुःखाच्या मापाने करता येणार नाही, करूही नये. पण विस्मरणाची रीत दोन्हीकडे एकच आहे. प्रथम भाषा जाते, मग आजोबांच्या तोंडचा ‘केस्टल’ नातवाच्या कानी ‘कॅसल’ होतो, आणि पुढे विचारायला कोणी उरत नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर रशियाने सर्वंकष आक्रमण केल्यापासून तिकडची मुळे शोधणाऱ्यांच्या वाटाही बिकट झाल्या. जे १९९१ नंतरच्या तीस वर्षांत जाऊन, विचारून, लिहून आले, त्यांचेच हाती राहिले. आपल्यापुढे असे कोणतेही संकट नाही. फक्त आळस आहे. साहित्य मंडळांनी कुलवृत्तांताला हिणवण्याऐवजी त्याचा कस वाढवावा, असे आम्ही सुचवतो. तक्ता असावा, परंतु त्याच्या शेजारी साक्ष असावी. सासरी गेलेल्या लेकीची असावी, तशीच मागाशेजारी उभ्या राहिलेल्या ओडिया सोबत्याची आणि चाळीतल्या गुजराती घरमालकाचीही असावी. दोन साक्षी जुळल्या नाहीत, तर दोन्ही छापाव्यात. एका वस्तीची अशी एक वही जरी पुढील वर्षात तयार झाली, तरी या पत्रिकेने ती सन्मानाने छापावी.