मोजणीची साधने आणि संग्राहकाची दृष्टी

जुन्या वस्तूंच्या संग्राहकांत जमीनमोजणीच्या उपकरणांना मान आहे. परंतु तो सर्व उपकरणांना सारखा नाही. ‘ट्रॉटन अँड सिम्स’ या लंडनच्या कारखान्याचे नाव कोरलेला पितळी थिओडोलाइट दिवाणखान्यात जाऊन बसतो. लोखंडी साखळी आणि लाकडी शंकू मोडीत जातात. ही निवड सौंदर्यदृष्टीची आहे. तिला इतिहासदृष्टी म्हणता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

खानदेशापुरते तरी त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते. लॅम्टनचा सुमारे अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट प्रसिद्ध आहे, आणि स्वतः लॅम्टन १८२३ मध्ये आपल्याच हिंगणघाटास निवर्तला. पण ते काम त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे होते. पृथ्वीचा आकार ठरविणे हा त्याचा विषय. कुणब्याच्या शेताचे क्षेत्र ठरले ते महसुली मोजणीत, साखळी आणि शंकू यांच्या आधारे. १८५२ मध्ये कॅप्टन विंगेटच्या देखरेखीखाली खानदेशात ही मोजणी सुरू होताच सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांतील रयतेने तिला विरोध केला, तो सारावाढीच्या धास्तीने. ज्या साधनांशी प्रजेच्या पोटाचा संबंध, तीच संग्रहातून वगळली जातात.

या साधनांची भाषाही लक्षात घेण्याजोगी आहे. शिवकालीन मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा. माप माणसाच्या देहावरून घेतलेले होते. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी आली आणि तिचे सोळा आणे पडले. साखळीचा चौरस तो गुंठा, त्याचेही आणे सोळाच; चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे नाण्याच्या हिशेबातला शब्द आधी लांबीला आणि मग क्षेत्राला लागला. ‘शंकू’चा संस्कृतातला अर्थ खुंटी किंवा छायामापनाची काठी, मोजणीदाराच्या बोलीत तो आधाररेषेवर काटकोनातले लंब काढण्याचे साधन झाला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली आणि पुढे आणा व्यवहारातून गेला. परंतु जुन्या टिपणांवरील अंतरे साखळी-आण्यांतच राहिली. ती टिपणे वाचण्याची किल्ली म्हणजे ती साखळी होय.

साखळीचे दोषही पुराव्याचेच काम करतात. वापराने कड्या झिजतात, ताणल्या जातात आणि साखळी लांबते. ३३ फुटांची साखळी चार इंचांनी लांबली, तर तिने मोजलेली प्रत्येक लांबी सुमारे एक टक्क्याने कमी भरते आणि एकराच्या शेतात पाऊण गुंठ्याहून अधिक तूट दिसते. गंज घासून, कड्या ठोकून साखळी ‘नवी’ करणारा हौशी संग्राहक नेमका हाच पुरावा पुसून टाकतो.

संग्राहक म्हणतील की साखळीवर कारागिराचे नाव नसते. मग तिचे मोल कशावरून करावे? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. तथापि त्याचे उत्तर धुळ्यातच सापडते. वि. का. राजवाडे यांचे १९२६ मध्ये येथेच निधन झाले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथेच उभे राहिले. त्यांनी जमविलेल्या कागदांवर कोणा नामवंताची मोहोर होतीच असे नाही. कागद कोणाच्या दप्तरातला, कोणत्या व्यवहारातला, हे कळल्याने त्याला मोल आले. अशा कागदांच्या खंडांना त्यांनी ‘साधने’ हे नाव दिले. मराठीत ‘साधन’ म्हणजे उपकरणही आणि इतिहासाचा आधारही. उपकरण हे दुसऱ्या अर्थाने साधन केव्हा होते? ते कोणत्या गावी चालले, कोणत्या टिपणांशी त्याचा मेळ बसतो, मोजणीदार त्याच्या भागांना काय म्हणत, याची नोंद त्याच्यासोबत राहील तेव्हा.

पांझरेच्या उत्तर तीरावरील देवपुरात शेतांच्या जागी वसाहती झाल्या. शेतांच्या बांधांवर आता कुंपणाच्या भिंती आहेत. मोजणी उपग्रहांच्या साहाय्याने होऊ लागली, तरी हद्दीचा वाद उपस्थित झाला की जुने टिपण काढावेच लागते. ते काढणारा असेल. वाचणारा राहील की नाही, हे संग्रहांनी कोणत्या वस्तू आणि कोणते शब्द जपले यावर अवलंबून आहे. तूर्त तरी पितळेची राखण चांगली होत आहे, आणि लोखंड भंगारात जात आहे.