गम वाचताना : बजेट जुळतं, तरी आकडा चुकतो

मागच्या महिन्यात प्रोजेक्टसाठी आमच्या लॅबमध्ये आलेल्या एका एमएस्सीच्या मुलीनं विचारलं, "ताई, प्लस-मायनसच्या पुढं काय लिहू? चाळीस रीडिंग घेतलीत, एसडी काढून रूट एननं भागलंय. झालं ना?"

मी "हो" म्हणता म्हणता थांबले. कारण दोन वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. माझ्या पहिल्या पेपरच्या ड्राफ्टमध्ये ओव्हनचं तापमान ±०.०२ अंश सेल्सियस अशा थाटात लिहिलं होतं. गाइडनी तो आकडा पाहिला आणि एवढंच विचारलं, "थर्मोकपल कुठल्या क्लासचं आहे?" के टाइप, क्लास १. त्याला मानकातच ३७५ अंशांपर्यंत ±१.५ अंशांची सूट आहे. चाळीस काय, चार हजार रीडिंग घेतली असती तरी ती सूट कमी होणार नव्हती. त्याच संध्याकाळी सरांनी मला एक पीडीएफ पाठवली आणि खाली लिहिलं, "आधी हे वाच, मग ड्राफ्ट पाठव."

ती पीडीएफ म्हणजे 'गाइड टू द एक्स्प्रेशन ऑफ अनसर्टन्टी इन मेजरमेंट', जगभरच्या मोजमापवाल्यांच्या भाषेत 'गम'. (आमच्या लॅबमध्ये यावर डिंकाचे विनोद होऊन गेलेत, तुम्ही नवे करायची गरज नाही.) सात आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नावानं १९९३ मध्ये ती निघाली, २००८ ची किरकोळ दुरुस्त्यांची आवृत्ती बीआयपीएमच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. आपल्याकडे एनएबीएलची मान्यता असलेल्या कॅलिब्रेशन लॅबचं प्रमाणपत्र बघितलंत तर त्यातली अनिश्चितता याच पद्धतीनं काढलेली असते. पण पीएचडी करणाऱ्यांपैकी ती मुळातून वाचलेले फार थोडे भेटतात. बहुतेकांनी कुणाच्या तरी पीपीटीवरून उचललेली असते. तिथूनच घोटाळा सुरू होतो.

तो असा : टाइप ए म्हणजे यादृच्छिक त्रुटी, टाइप बी म्हणजे पद्धतशीर त्रुटी. हे समीकरण मी स्वतः कोर्सवर्कच्या पेपरात लिहून मार्क मिळवलेत. ते चूक आहे, आणि गमनं ते चूक असल्याचं स्पष्ट सांगितलंय. ए आणि बी ही त्रुटीची जात नाही, आकडा काढायच्या रीती आहेत. आपण स्वतः रीडिंग घेऊन त्यांच्या पसाऱ्यावरून आकडा काढला तर ए. प्रमाणपत्र, कॅटलॉग, हँडबुक, अनुभव यांवरून काढला तर बी. माझ्या थर्मोकपलची ±१.५ ची मर्यादा घ्या. त्या पट्ट्यात खरं तापमान कुठंही सारख्याच शक्यतेनं असू शकतं असं धरलं, तर १.५ ला तीनच्या वर्गमुळानं भागायचं, म्हणजे ०.८७ अंश. हा बी. मग ०.०२ चा ए आणि ०.८७ चा बी यांचे वर्ग करून बेरीज, वर्गमूळ. उत्तर ०.८७ च येतं. माझ्या चाळीस रीडिंगांचा दुसऱ्या दशांशात मागमूसही उरत नाही.

यामागची गोष्ट गमच्या सुरुवातीलाच आहे. सत्तरच्या दशकाअखेर बीआयपीएमनं राष्ट्रीय प्रयोगशाळांना प्रश्नावली पाठवली, १९७९ च्या सुरुवातीपर्यंत २१ जणांची उत्तरं आली. अनिश्चितता एका आकड्यात कशी मांडायची यावर मात्र एकमत नव्हतं. १९८० मध्ये एका कार्यगटानं तोडगा काढला : सगळे घटक प्रमाणित विचलनाच्या भाषेत आणा आणि एकाच रीतीनं एकत्र करा. आज हे सोपं वाटतं. माझ्या मते गमचं सगळ्यात मोठं काम हेच आहे. 'पद्धतशीर त्रुटी' म्हणून वेगळ्या खणात टाकून विसरून जायची सोय तिनं काढून घेतली.

आता तक्रारी. पहिली तक्रार भाषेची. गम कायद्याच्या मसुद्यासारखी लिहिली आहे. 'खरं मूल्य' हा शब्द का टाळायचा यावर एक अख्खं परिशिष्ट आहे, तिथं मी दोनदा झोपले. पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर सोडून द्याल. मी सांगेन, परिशिष्ट एचमधलं पहिलं उदाहरण आधी काढा आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

त्यात ५० मिलिमीटरचा एक एंड गेज दुसऱ्या प्रमाणित गेजशी ताडून बघितलाय. उत्तर ५०.०००८३८ मिमी, एकत्रित प्रमाणित अनिश्चितता ३२ नॅनोमीटर. आता हे ३२ कुठून आले ते बघा. प्रमाणित गेजच्या प्रमाणपत्रातून २५. दोन गेजच्या तापमानांत फरक असू शकतो, त्यातून १६.६. कंपॅरेटरनं मोजलेल्या लांबीच्या फरकातून ९.७. आणि या ९.७ च्या पोटात, प्रत्यक्ष पाच वेळा मोजण्याच्या पसाऱ्याचे फक्त ५.८. मी हे ५.८ शून्य करून पाहिले, म्हणजे अनंत वेळा मोजलं असं समजून. ३२ चे ३१ झाले! एवढाच फायदा. नव्या विद्यार्थ्यांना मला हे एकच गणित करायला द्यायला आवडेल. कारण आपला सगळा कष्टाळूपणा रीडिंग वाढवण्यात जातो, आणि अनिश्चितता बसलेली असते प्रमाणपत्रात नाहीतर खोलीच्या तापमानात.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. गम दोन दगडांवर पाय ठेवून उभी आहे. टाइप ए मध्ये ती वारंवारतेच्या संख्याशास्त्रानं चालते : नमुना, एसडी, स्वातंत्र्यमात्रा. टाइप बी मध्ये संभाव्यता म्हणजे आपल्या खात्रीचं माप, म्हणजे जवळजवळ बेझचा रस्ता. मग शेवटी दोन्ही एका सूत्रात घालायचे तर बी लाही स्वातंत्र्यमात्रा द्यावी लागते. आता अंदाजाची स्वातंत्र्यमात्रा काय असते? गम म्हणते, तुमचा हा अंदाज २५ टक्क्यांनी इकडेतिकडे असेल असं वाटत असेल, तर ८ धरा. हे वाचून मी हसले होते. अंदाजाबद्दलचा अंदाज, आणि त्यावरून टी-तक्ता!

पण हसून झाल्यावर तिथंच जवळ एक छोटा तक्ता सापडला, आणि तो मला पटला. नुसत्या रीडिंगांवरून काढलेली एसडी स्वतः किती डळमळीत असते हे त्यात आहे. १० रीडिंग असतील तर २४ टक्के. ३ असतील तर ५२ टक्के. आपल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये तीन रीडिंगांचेच रकाने असतात, आठवा. म्हणजे 'ए हा मोजलेला म्हणून भक्कम, बी हा अंदाज म्हणून कच्चा' हा आपला समज तिथंच गळून पडतो.

२००८ मध्ये आलेल्या पहिल्या पुरवणीनं माँटे कार्लो पद्धत आणली आणि सगळं एकाच, संभाव्यता-वितरणाच्या भाषेत मांडलं. भाषा साफ झाली, पण किंमत मोजावी लागली. त्या हिशेबात नुसत्या रीडिंगांवरून प्रमाणित अनिश्चितता काढायला किमान चार रीडिंग लागतात, तिनात उत्तरच निघत नाही. तोच विचार मूळ गममध्ये आणणारा मसुदा २०१४ च्या अखेरीस अभिप्रायासाठी फिरवला गेला. त्यावर एवढी टीका झाली की तो बाजूला ठेवावा लागला. त्यानंतर नवे भाग सुटेसुटे येतायत : मोजमापाचं मॉडेल कसं बांधावं यावरचा २०२० मध्ये, प्रस्तावनेचा २०२३ मध्ये. तेव्हा कुणी 'गमचं अधिकृत तत्त्वज्ञान काय' असं व्हायवात विचारलंच, तर तिथल्या तज्ज्ञांतही वाद आहे असं बिनधास्त सांगा.

तिसरी गोष्ट तक्रार म्हणू की मर्यादा, कळत नाही. बजेटमध्ये जी ओळ तुम्ही लिहिता तिचाच हिशेब होतो. मिलिकननं १९१७ मध्ये इलेक्ट्रॉनचा विद्युतभार ४.७७४ ± ०.००५ दिला, जुन्या एककांत दहाचा उणे दहावा घात. आजचं मूल्य ४.८०३. चूक ०.०२९, त्यानं दिलेल्या मर्यादेच्या जवळपास सहापट. कारण हवेच्या विष्यंदितेचं मूल्य सुमारे ०.४ टक्क्यांनी कमी धरलं गेलं होतं, आणि विद्युतभार विष्यंदितेच्या दीडव्या घातानं बदलतो, म्हणून चूक ०.६ टक्क्यांवर गेली. लक्षात घ्या, विष्यंदिता त्याच्या नजरेतून सुटली नव्हती. ओळ होती, तिच्यापुढचा आकडा फाजील विश्वासानं लिहिला होता. त्याच्या हातात गम असती तरी माझ्या मते त्यानं तोच आकडा लिहिला असता.

गुरुत्वाकर्षणाच्या स्थिरांकाचं प्रकरण तर अजून मिटलेलं नाही. चीनमधल्या वुहानच्या एका गटानं २०१८ मध्ये दोन वेगळ्या पद्धतींनी तो मोजला : ६.६७४१८४ आणि ६.६७४४८४, दहाचा उणे अकरावा घात. प्रत्येकाची अनिश्चितता शेवटच्या दोन अंकांत ७८. फरक ३००, आणि दोन्ही मिळून अनिश्चितता ११०. पावणेतीन पट. दोन्ही बजेटं तपशीलवार, काम नामांकित, तरी कुठली तरी ओळ दोन्हींपैकी एकात नाही. कोडाटानं २०१८ चं शिफारस केलेलं मूल्य काढताना सगळ्याच प्रयोगांच्या अनिश्चितता ३.९ नं गुणून वाढवल्या, तेव्हा आकडे एकमेकांशी जुळले. अशा न लिहिलेल्या भागाला आता 'डार्क अनसर्टन्टी' असं नावही आहे. एकाच लॅबचं एकच बजेट असताना ती शोधायची कशी, याचं उत्तर गममध्ये मला मिळालं नाही.

परत माझ्या पेपरवर येते. ०.८७ लिहिल्यावर मला वाटलं, संपलं. माझा मुख्य निष्कर्ष दोन नमुन्यांच्या तापमानांतल्या ०.४ अंशांच्या फरकावर उभा होता. मग गममधला परस्परसंबंधाचा भाग वाचला, जो पीपीटीत कधीच नसतो. दोन्ही तापमानं एकाच थर्मोकपलनं, जवळजवळ एकाच अंशावर घेतली असतील तर त्याची चूक दोन्हींत सारखीच असते आणि वजाबाकीत बव्हंशी निघून जाते. वर्गांची बेरीज करून ०.८७ चे १.२ करायची गरज नाही. निष्कर्ष वाचला!

पूर्ण नाही. मार्चमध्ये थर्मोकपलचं टोक तुटलं होतं आणि मी दुसरं बसवलं होतं. १४ जोड्यांपैकी ६ जोड्यांमध्ये एक नमुना जुन्यावर, एक नव्यावर मोजलेला निघाला. त्या सहाही काढाव्या लागल्या. त्या मुलीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती तिची वही चाळायला लागली. तिच्या चाळीस रीडिंगांच्या पानावर थर्मोकपलचा नंबर नव्हता.