हायकू, स्पर्धा आणि परीक्षकाची जबाबदारी : 'मासाओका शिकी आंतरराष्ट्रीय हायकू पुरस्कारा'च्या निमित्ताने

प्रस्तावना

जपानच्या शिकोकू बेटावरील मात्सुयामा शहरात सप्टेंबर १९९९ मध्ये हायकूविषयक एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, एहिमे प्रांताच्या सांस्कृतिक प्रतिष्ठानाने 'मासाओका शिकी आंतरराष्ट्रीय हायकू पुरस्कार' सुरू केला. राष्ट्र आणि भाषा यांची अट न घालता हायकूच्या विकासात मोलाची भर घालणाऱ्या व्यक्तींचा गौरव करणे हा या पुरस्काराचा हेतू होता. २००० ते २००८ या काळात तो चार वेळा दिला गेला. एखाद्या काव्यप्रकाराच्या जन्मभूमीने जगातील इतर भाषांना त्या प्रकाराचे भागीदार मानावे, ही घटना वाङ्मयीन इतिहासाच्या दृष्टीने निश्चितच महत्त्वाची आहे.

मात्र या घटनेत एक अंतर्विरोधही आहे. ज्या कवीच्या नावे हा पुरस्कार ठेवला गेला, त्याने बक्षिसांच्या आणि गुणांच्या कवितेवर आयुष्यभर टीका केली होती. हा अंतर्विरोध समजून घेऊन हायकूच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेची कसोटी कोणती असावी, आणि त्या कसोटीवर मराठी हायकूचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शिकीचा स्पर्धाविरोध

मासाओका शिकी (१८६७-१९०२) हा मूळचा मात्सुयामाचा. क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत त्याने आपले बरेचसे लेखन केले आणि वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी तो मृत्यू पावला. अनेक कवींनी मिळून रचावयाच्या शृंखला-काव्यातील आरंभीच्या कडव्याला 'होक्कु' म्हणत. हे कडवे शृंखलेपासून तोडून त्याला स्वतंत्र कविता म्हणून प्रतिष्ठा देण्याचे आणि 'हायकू' ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय शिकीकडे जाते. प्रत्यक्ष पाहिलेल्या वस्तूचे रेखाटन म्हणजे 'शासेइ' हे त्याच्या काव्यविचाराचे मुख्य सूत्र होय.

शिकीने ज्या कवितेवर हल्ला चढवला तिला तो 'त्सुकिनामी' म्हणत असे. या शब्दाचा मूळ अर्थ 'दरमहाचे' एवढाच आहे. त्या काळी ठिकठिकाणी मासिक काव्यसभा भरत, शुल्क घेऊन रचना मागवल्या जात, व्यावसायिक गुरू त्यांना गुण देत आणि बक्षिसे वाटली जात. गुरूला काय आवडते हे ठाऊक असलेला कवी तेच लिहू लागतो, आणि कविता ठरावीक कल्पनांच्या चाकोरीत फिरू लागते, हे शिकीने ओळखले. त्याच्या टीकेचा परिणाम असा की आजच्या जपानी भाषेत 'त्सुकिनामी' हा शब्द प्रामुख्याने 'सामान्य, गुळगुळीत' या अर्थाने वापरला जातो. मासिक स्पर्धेचे नावच नीरसतेचे विशेषण व्हावे, याहून स्पष्ट निर्णय साहित्याच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

परंपरेतील दोन प्रवाह

एवढ्यावरून हायकू आणि स्पर्धा यांचे मुळातच वैर आहे असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. 'उता-आवासे' म्हणजे दोन पक्षांत रंगणारी काव्यस्पर्धा जपानमध्ये हेइआन काळापासून चालत आली होती. या स्पर्धेत परीक्षक केवळ जय-पराजय घोषित करून थांबत नसे. एक रचना दुसरीपेक्षा सरस का, याची कारणे तो लिहून देई. हे लेखी निर्णय पुढे स्वतंत्रपणे वाचले गेले आणि जपानी काव्यसमीक्षेचा काही भाग त्यांतूनच घडला.

बाशोचा पहिला ग्रंथ 'काइ ओइ' (१६७२) हाही अशाच स्पर्धेचा ग्रंथ आहे. होक्कुंच्या तीस जोड्या लावून त्याने प्रत्येक जोडीवर निर्णय आणि टिप्पणी लिहिली व तो ग्रंथ आपल्या गावच्या देवस्थानाला अर्पण केला. विशेष म्हणजे त्यात त्याने स्वतःच्या एका रचनेला पराभूत ठरवले आहे. हाच बाशो पुढे १६९२ मधील एका पत्रात काव्याभ्यासकांच्या तीन पायऱ्या सांगतो आणि गुणांसाठी रात्रंदिवस धडपडणाऱ्यांना सर्वांत खालच्या पायरीवर बसवतो. त्यांच्यामुळे गुण देणाऱ्याच्या बायकामुलांचे पोट भरते, एवढेच त्यांचे पुण्य, असा त्याचा उपरोध आहे.

या दोन भूमिकांत विसंगती नाही. बाशो ज्याचा उपहास करतो ती गुणांची स्पर्धा आहे, आणि तो स्वतः जी चालवतो ती कारणांची स्पर्धा आहे. शिकीनेही स्पर्धेचे तत्त्व सर्वस्वी टाकून दिले नाही. त्याच्या मंडळातील काव्यसभांत रचना निनावी ठेवल्या जात आणि उपस्थित कवी परस्परांच्या रचनांची निवड करीत. निर्णयाचा अधिकार एका गुरूकडून काढून तो वाचणाऱ्यांच्या समूहाकडे देणे, हा त्यामागचा विचार होता.

आणखी एक उदाहरण येथे विचारात घेतले पाहिजे. कराई सेन्र्यू या परीक्षकाने १७५७ पासून अल्प शुल्काच्या लोकप्रिय स्पर्धा चालवल्या. त्यांत निवडलेल्या रचनांतून १७६५ मध्ये 'हाइफू यानागिदारु' हा संग्रह सिद्ध झाला, आणि माणसांच्या स्वभावावर मिस्कील भाष्य करणाऱ्या त्या रचनाप्रकाराला पुढे परीक्षकाचेच नाव मिळाले. म्हणजे स्पर्धा कवितेला चाकोरीत अडकवते तशी क्वचित नवा काव्यप्रकारही जन्माला घालते. निर्णय कोण, कोणत्या पद्धतीने आणि कशाच्या आधारे देतो, यावर हे अवलंबून असते.

मात्सुयामाची निवड

या पार्श्वभूमीवर २००० सालच्या पुरस्काराचे स्वरूप पाहिले म्हणजे संस्थापकांची सावधगिरी लक्षात येते. त्यांनी एका हायकूला बक्षीस न देता व्यक्तीच्या समग्र कार्याला पुरस्कार दिला. संख्येवर उभ्या राहिलेल्या स्पर्धांचा अनुभव तोपर्यंत जमा झालेला होता. १९६४ मध्ये जपान एअर लाइन्सने अमेरिकेत नभोवाणी केंद्रांमार्फत इंग्रजी हायकूची स्पर्धा घेतली, तेव्हा ४१,००० हून अधिक रचना आल्या होत्या. अशा स्पर्धेने हायकू घराघरांत पोचतो, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु इतक्या रचनांपैकी प्रत्येकीला कारणांसह उत्तर देणे कोणत्याही परीक्षकाला शक्य नाही.

शिकी पुरस्काराचा पहिला सर्वोच्च मान फ्रेंच कवी ईव बोन्फ्वा यांना आणि २००४ चा अमेरिकन कवी गॅरी स्नायडर यांना मिळाला. दोघेही केवळ हायकूकार म्हणून ओळखले जाणारे कवी नव्हेत. हायकूच्या संस्काराने ज्यांची कविता आणि काव्यविचार बदलला असे हे कवी आहेत. या निवडीवर आक्षेप घेता येईल. तीन ओळींच्या शिस्तीत आयुष्य घालवणाऱ्या कवींना बाजूला ठेवून मोठ्या नावांना जवळ करणे, ही पुरस्कारालाच प्रतिष्ठा मिळवून देण्याची युक्ती नव्हे काय? हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि २००२ च्या मानकऱ्यांकडे पाहिले असता त्याची धार कमी होते. त्या वर्षी इंग्रजी हायकूंचे महत्त्वाचे संकलन करणारे कोर व्हॅन डेन ह्यूवेल आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील जपानी भाषेचे प्राध्यापक डॉ. सत्यभूषण वर्मा यांचा गौरव झाला. वर्मांनी जपानी कविता मूळ भाषेतून थेट हिंदीत आणली आणि हिंदी हायकूकारांना एकत्र आणणारे छोटेखानी पत्रक चालवले. संकलक, अनुवादक आणि अध्यापक यांचे काम कवीच्या कामाच्या बरोबरीने मोजणे, हा या पुरस्काराचा खरा वाङ्मयीन निर्णय होता असे वाटते.

नियमांचा प्रश्न आणि मराठी हायकू

१९९९ च्या जाहीरनाम्याने आणखी एक मूलभूत प्रश्न हाताळला. ५-७-५ ही रचना जपानी भाषेच्या ध्वनिमात्रांवर आधारलेली आहे आणि ऋतुवाचक शब्द जपानी हवामानाशी व परंपरेशी जोडलेले आहेत. म्हणून अन्य भाषांनी ही बंधने जशीच्या तशी पाळण्यापेक्षा आपापल्या भाषेची आंतरिक लय शोधावी, अशी भूमिका त्यात घेतली गेली. आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे नियम ठरवणाऱ्यांनी ही भूमिका ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

याचे कारण आपल्याच दोन शेजारी भाषांत सापडते. हिंदी हायकूने बहुतांशी ५-७-५ अक्षरांचा आग्रह धरला. मराठीत शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी हायकू रुजवला, तो वेगळ्या वाटेने. अक्षरसंख्येचे बंधन त्यांनी सैल केले, मात्र तीन ओळींपैकी दोन ओळींत यमक राखले. सतरा अक्षरांची अट घालणाऱ्या स्पर्धेत मराठीतील चांगल्या हायकूंचा मोठा भाग पहिल्याच चाळणीत बाद होईल.

यमकाचा हा आग्रह अनेकदा मराठी कवीची सवय म्हणून सोडून दिला जातो. परंतु त्याचे रचनात्मक कार्य तपासणे आवश्यक आहे. जपानी हायकूत 'या', 'काना', 'केरी' यांसारखे छेदशब्द असतात. ते कवितेत विराम निर्माण करतात, आणि पुष्कळदा त्या विरामाच्या अल्याडपल्याड दोन प्रतिमा समोरासमोर उभ्या राहतात. मराठीत असा छेदशब्द नाही. दोन ओळी यमकाने जोडल्या गेल्या की तिसरी आपोआप एकटी पडते आणि त्या एकटेपणातून विराम तयार होतो. म्हणजे छेदशब्द तोडून जे साधतो, ते मराठी यमक जोडून साधते. अर्थात यात धोकाही आहे. यमक ओळींना जोडण्याऐवजी कवितेला टाळीचा शेवट देऊ लागले की हायकूची चारोळी होते. हा भेद ओळखणे हेच मराठी हायकूच्या परीक्षकाचे काम आहे, आणि इंग्रजी अनुवादावरून निर्णय देणाऱ्याला तो ओळखता येणे जवळजवळ अशक्य आहे, कारण अनुवादात सर्वप्रथम गळते ते यमकच.

ऋतूंच्या बाबतीतही हेच घडते. 'वळीव' म्हणजे केवळ उन्हाळ्यातील पाऊस नव्हे. त्यात तापलेली माती, अचानक आलेला वारा आणि मृगाची वाट पाहणारा शेतकरी आहे. जपानी परंपरेत ऋतुशब्दांचे कोश आहेत आणि परीक्षकाला त्यांचा आधार असतो. मराठी ऋतुशब्दांचा असा कोश हाताशी असेल, तरच परक्या परीक्षकापुढे आपला हायकू आपल्या संदर्भासह उभा राहील. हे काम महाविद्यालयांतील मराठी विभागांनी अंगावर घेण्यासारखे आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की हायकूच्या स्पर्धेचे मोल आलेल्या रचनांच्या संख्येवर किंवा पारितोषिकाच्या रकमेवर ठरत नाही. ते ठरते परीक्षकाने दिलेल्या कारणांवर. आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू करणाऱ्या कोणत्याही संस्थेने किमान तीन गोष्टी पाळाव्यात. रचना मूळ भाषेत, शब्दशः अर्थासह आणि अनुवादासह मागवावी. त्या भाषेतील हायकूची परंपरा जाणणारा किमान एक परीक्षक असावा. निवडलेल्या रचनांवरील परीक्षकांचे लेखी अभिप्राय निकालासोबत प्रसिद्ध करावेत.

आपल्या आंतरमहाविद्यालयीन काव्यस्पर्धांनाही हे लागू आहे. मात्सुयामातच १९९८ पासून शालेय विद्यार्थ्यांची 'हायकू कोशिएन' ही स्पर्धा भरते. तीत पाच-पाच विद्यार्थ्यांचे संघ परस्परांच्या हायकूवर प्रश्न विचारतात व उत्तरे देतात, आणि रचनेबरोबर रसग्रहणाचाही विचार होतो. आपल्याकडे विद्यार्थी कविता वाचतो, टाळ्या पडतात, क्रमांक जाहीर होतो आणि आपली कविता का निवडली किंवा का वगळली गेली हे न कळताच तो घरी जातो. शिकीने ज्याला 'त्सुकिनामी' म्हटले ते यापेक्षा फारसे वेगळे नव्हते. सतरा मात्रांच्या कवितेला दोन वाक्यांचे कारण देणे अवघड नाही. ते देण्याची तयारी नसेल, तर स्पर्धा न घेणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.