गुणांक आणि त्याचा संदर्भ

वायुप्रवाहाच्या संगणकीय सदृशीकरणात लिफ्ट व ड्रॅग, अर्थात उत्थापन व कर्षण, यांचे गुणांक प्रयोगसिद्ध आकड्यांशी जुळेनासे झाले, की प्रक्षुब्ध प्रवाहाचे प्रतिमान प्रथम बदलून पाहण्याची प्रथा दिसते. ही प्रथा शास्त्रीय शिस्तीस बाधक आहे. वाक्य दुर्बोध वाटल्यास व्याकरणास दोष देण्यापूर्वी त्यातील सर्वनामे कोणाचा निर्देश करतात हे पाहावे लागते. गुणांकाचेही तसेच आहे.

गुणांक म्हणजे बल नव्हे. गतिज दाब व संदर्भक्षेत्र यांच्या गुणाकाराशी बलाचे असलेले ते गुणोत्तर होय. भाजक चुकल्यास प्रवाहाचे गणित निर्दोष असूनही उत्तर चुकते. पिपरी मेघे येथील मे महिन्याचे उदाहरण घ्यावे. समुद्रसपाटीपासून सुमारे २३० मीटर उंची व ४५ अंश सेल्सिअस तापमान धरल्यास हवेची घनता दर घनमीटरास सुमारे १.०८ किलोग्रॅम येते. बल या घनतेने काढले आणि भाजकात पाठ्यपुस्तकातील १.२२५ तशीच राहिली, तर दोन्ही गुणांक सुमारे १२ टक्क्यांनी कमी दिसतात. १९०१ साली राइट बंधूंच्या ग्लायडरचे उत्थापन अपेक्षेहून फार कमी भरले, त्याचेही एक कारण रूढ स्थिरांकात होते, ०.००५ हा स्मीटनचा आकडा वस्तुतः ०.००३३ च्या आसपास हवा होता.

दुसरा दोष दिशेचा. एनएसीए ००१२ या पंखछेदाचे गुणांक ६० लक्ष रेनॉल्ड्स अंकास व १० अंशांच्या आघातकोनास अनुक्रमे सुमारे १.०९ व ०.०१२ आहेत. प्रवाह तिरपा करून बले मात्र पंखछेदाच्या जीवेच्या दिशेने मोजल्यास कर्षण ऋण, म्हणजे सुमारे उणे ०.१८, येते.

हे दोष नाहीत अशी खात्री झाल्यावरच जालकाकडे वळावे. उत्थापन मुख्यतः दाबातून उद्भवते, म्हणून विरळ जालकातही ते पुष्कळसे जुळते. कर्षण हे पृष्ठघर्षण व दाबांच्या वजाबाकीतील अल्पसा शेष यांचे मिळून होते. भिंतीलगतचे थर अपुरे असल्यास तेच आधी बिघडते. बाह्य सीमा जवळ असली तरीही तीच गत. नासाच्या पडताळणी-उदाहरणात ती जीवेच्या सुमारे ५०० पट दूर ठेवली आहे.

प्रतिमानाची पाळी यानंतरची. जुळलेला आकडा हा यथार्थतेचा पुरावा नव्हे. दोन चुका परस्परांस झाकू शकतात आणि आघातकोन बदलताच उघड्या पडतात. म्हणून प्रबंधात गुणांकासोबत घनता, वेग, संदर्भक्षेत्र व दिशा यांचा निर्देश नसेल, तर तो आकडा परीक्षणासच पात्र नाही, असे म्हणणे प्राप्त आहे.