दोन पत्रे आणि एक पुराण : थॉमस स्टीफन्सच्या लेखनातील दैनंदिनता

मराठी समीक्षेने फादर थॉमस स्टीफन्सची दखल घेतली ती मुख्यतः दोन भूमिकांवरून. पहिली भूमिका कृतज्ञतेची. ‘क्रिस्तपुराणा’तील मराठी भाषेच्या स्तुतीच्या ओव्या वाङ्मयेतिहासांतून आणि पाठ्यपुस्तकांतून इतक्या वेळा उद्धृत झाल्या आहेत, की जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ त्या मोजक्या ओव्यांसाठीच रचला गेला असावा असे एखाद्याला वाटावे. दुसरी भूमिका संशयाची. तिच्या मते पुराणाचा देशी घाट हे धर्मांतराचे साधन होते आणि भाषाप्रेम हे त्या साधनावरील वेष्टन. या दोन भूमिका परस्परविरोधी भासल्या तरी दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. दोहोंनाही अभिप्रेत असलेला स्टीफन्स हा १६१६ साली रायतूर येथे आपला ग्रंथ छापून घेणारा, भाषेवर प्रभुत्व मिळवून बसलेला वृद्ध पाद्री आहे. १५७९ च्या ऑक्टोबरात वयाच्या तिशीत गोव्याला उतरलेल्या, या भूमीत सर्वस्वी नवख्या असलेल्या तरुण इंग्रजाचा विचार यांपैकी कोणालाच करावासा वाटलेला नाही.

हा तरुण मात्र लेखनातून पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. गोव्यात उतरल्यानंतर सतराच दिवसांनी, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, त्याने लंडनमध्ये व्यापार करणाऱ्या आपल्या वडिलांना इंग्रजीत एक दीर्घ पत्र लिहिले. पुढे २४ ऑक्टोबर १५८३ रोजी, गोव्यात येऊन बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, सासष्टीहून भाऊ रिचर्ड याला लॅटिनमध्ये दुसरे पत्र लिहिले. चरित्रकारांनी ही पत्रे तारखा आणि घटना जुळविण्यासाठी वापरली. संहिता म्हणून त्यांचे वाचन झाले नाही. परदेशी सेवेला गेलेल्या तरुण धर्मप्रसारकाचे रोजचे जगणे लेखनात कसे येते, त्यातले काय गळून पडते आणि जे गळून पडते ते पुढे कोठे तरी पुन्हा उगवते काय, हे प्रश्न या दोन पत्रांना विचारता येतात.

त्यासाठी मिशनरी पत्र या लेखनप्रकाराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. येशूसंघात पत्रलेखन ही खासगी बाब नव्हती. संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने १५४२ मध्येच आपल्या सहकाऱ्याला बजावले होते की, मुख्य पत्र कोणालाही दाखविता येईल असे, विचारपूर्वक आणि पुन्हा नीट उतरवून लिहावे. इतर किरकोळ गोष्टी वेगळ्या कागदावर घालाव्यात. या सूचनेत मिशनरी लेखनाचे सारे काव्यशास्त्र सामावलेले आहे. बोधप्रद ते मुख्य पत्रात आणि कुरबुर, आजार, एकटेपणा, वरिष्ठांशी न जुळणे हे सुट्या कागदावर, अशी अनुभवाची विभागणी प्रत्यक्ष अनुभव येण्याआधीच ठरून गेलेली असते. मुख्य पत्रे हातोहात फिरली, छापली गेली. सुट्या कागदांना तसा वाचकवर्ग कोठून लाभणार? स्टीफन्सची ही दोन पत्रे घरी लिहिलेली असल्यामुळे या विभागणीपासून काहीशी दूर आहेत. काहीशी असेच म्हणावे लागते, कारण संघाची शिस्त अंगी मुरलेला लेखक वडिलांना लिहितानाही ती पूर्णपणे विसरू शकत नाही.

पहिल्या पत्राचा फार मोठा भाग समुद्राने व्यापला आहे. एप्रिलमध्ये लिस्बनहून पाच जहाजे निघतात ती तुताऱ्या आणि तोफांच्या गजरात, युद्धावर निघावी तशी. त्यानंतर मजकुराची लय मंदावते आणि त्यात रोजचे दिवस येऊ लागतात. गिनीच्या किनाऱ्याजवळचा वारा पडलेला उकाडा. तेथला पाऊस असा, की साठलेल्या पाण्यात आणि टांगलेल्या मांसात पाहता पाहता किडे व्हावेत. पूर्वपश्चिम अंतर मोजण्याची खात्रीची रीत नसल्याने खलाशांची होणारी तारांबळ. शार्क माशाला चिकटून आणि त्याच्या पुढे पोहत जाणारे लहान मासे. कोंबड्याच्या तुऱ्यासारखे काहीतरी घेऊन पाण्यावर तरंगणारा फुगीर प्राणी. जहाजावरची मुले पुरुषांपेक्षा समुद्र अधिक चांगला सोसतात आणि कित्येक स्त्रियाही तो सहज पार करतात, हीदेखील नोंद तो करतो. पुढे उशीर झाल्यामुळे मादागास्करच्या बाहेरून जाणारा लांबचा मार्ग धरावा लागला. त्या मार्गावर हिरड्या सुजतात, अंग बधिर होते, हातपाय हलेनासे होतात. दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सत्तावीस दगावली. इतर सफरींच्या मानाने ही हानी फारशी मानली गेली नाही, एवढे सांगून पत्र पुढे सरकते.

पत्राच्या निवेदनतंत्राचे मर्म येथे हाती लागते. मरणाऱ्यांच्या उशाशी बसलेला धर्मसेवक या पत्रात दिसत नाही, आणि उपदेश तर जवळजवळ नाहीच. वडील व्यापारी आहेत. वारे, मार्ग, अंतरे, फळे यांत त्यांना रस असणार, हे मुलाला ठाऊक आहे. आपल्या धर्मासाठी घर आणि देश सोडून गेलेला मुलगा त्या निर्णयाविषयी बापाशी बोलत नाही, माशांविषयी बोलतो. हे मौन संस्थेने लादलेले नसून नात्यातून आलेले आहे, आणि म्हणूनच ते अधिक बोलके आहे. एके ठिकाणी मात्र ते किंचित उसवते. मदेराजवळील पोर्तो सांतो बेटाच्या आसपास एका इंग्रज जहाजाने या पोर्तुगीज जहाजावर तोफा डागल्या आणि उलट मोठ्या तोफा पुढे येताच ते निघून गेले. ते जहाज मोठे आणि देखणे होते. त्याला अशा कामी लागलेले पाहून वाईट वाटले, असे स्टीफन्स लिहितो. शत्रूच्या नौकेवर बसून स्वदेशाचे जहाज पाहणाऱ्याच्या मनातील दुभंग या एका वाक्यात येतो आणि लगेच मिटतो. जहाज देखणे असल्याचा उल्लेख करण्याची कथनाच्या दृष्टीने काहीच गरज नव्हती. तो राहून गेला आहे.

या पत्राचे पुढे जे झाले तेही वाङ्मयव्यवहाराच्या दृष्टीने लक्षणीय आहे. १५८५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये जेझुइट पाद्रीने नुसते राहणे हाही राजद्रोह ठरला. त्यानंतर चारच वर्षांनी, १५८९ मध्ये, रिचर्ड हॅक्लूटने इंग्रजांच्या सागरी सफरींच्या आपल्या संग्रहात हे पत्र छापले. पूर्वेच्या वाटेवर डोळा असलेल्या इंग्लंडला त्या वाटेची माहिती हवी होती. ती देणाऱ्याचा संघ कोणता, हा मुद्दा तेवढ्यापुरता गौण ठरला. मुलाने बापाला कळविलेला रोजचा प्रवास अशा रीतीने व्यापारी माहिती होऊन गेला.

दुसऱ्या पत्राची घडण अगदी निराळी आहे. ते लिहिले जाण्यापूर्वी तीन महिने, जुलै १५८३ मध्ये, सासष्टीतील कुंकळ्ळी येथे रोदोल्फो आक्वाविवा आणि त्याचे चार संघबंधू मारले गेले होते. आक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. सासष्टीत देवळे पाडली गेल्याचा आणि तेथील गावकारांच्या प्रतिकाराचा इतिहास या घटनेमागे उभा आहे. पुढे कुंकळ्ळीच्या गावकारांना असोळणे येथील किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले, हाही त्याच इतिहासाचा भाग आहे. पत्रातील कथन हौतात्म्याचे आहे, आणि हौतात्म्याच्या आकृतिबंधात गावकारांचे म्हणणे बसत नाही. कोणी कोठे उभे राहायचे, काय बोलायचे आणि कसे पडायचे, हे त्या आकृतिबंधात शतकानुशतके निश्चित झालेले असते. स्टीफन्सच्या परिचयातील माणसे मारली गेली आहेत आणि तरीही हा भाग वाचताना तो इतर कोणीही लिहिला असता असे वाटत राहते.

याच पत्रात माडाचे सविस्तर वर्णन आहे. तेल, माडी, गूळ, साखर, शिरका, दोर, झोपडीवर शाकारायच्या झावळ्या आणि वर्षभर मिळणारे, माणसाच्या डोक्याएवढे फळ. जवळच्यांच्या हत्येची हकीकत ज्या कागदावर आहे त्याच कागदावर हा माड उभा आहे, आणि या दोहोंत जोडणारे काहीही नाही. पौर्वात्य देशाच्या समृद्धीचे हे साचेबंद वर्णन आहे, असा आक्षेप वसाहतवादी लेखनाची चिकित्सा करणारा समीक्षक घेईल, आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. माड देतो, त्यावर कोण चढतो हा प्रश्न या वर्णनाच्या केंद्रस्थानी नाही. पण पहिल्या पत्रातही नारळ आणि माडाचे पेय आहे. तेथे ते एका ओळीत उरकते, कारण लेखक देशात सतराच दिवसांचा आहे. चार वर्षांनंतर त्याला गूळ आणि साखर, माडी आणि शिरका असा भेद करता येतो. अशी माहिती रोजच्या ताटातून आणि छपराखालच्या पावसाळ्यातून येते. हौतात्म्याच्या कथनात न मावलेले जगणे या यादीत येऊन बसले आहे.

भाषेसंबंधीचा मजकूरही असाच, जवळजवळ जाता जाता आलेला आहे. येथील भाषा अनेक आहेत, त्यांचे उच्चार कानाला वाईट लागत नाहीत, त्यांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळणारी आहे, असे स्टीफन्स सांगतो. विल्यम जोन्सच्या १७८६ च्या सुप्रसिद्ध विधानाच्या दोनशे वर्षे आधीचे हे निरीक्षण भाषाविज्ञानाच्या इतिहासात नोंदले गेले, हे उचितच झाले. त्याला लागून असलेल्या दुसऱ्या निरीक्षणाकडे मात्र दुर्लक्ष झाले: येथील अक्षरे ही पूर्ण अवयव असतात आणि व्यंजन व स्वर यांच्या जितक्या जुळण्या तितकी त्यांची रूपे होतात. पहिले विधान विद्वानाचे आहे. दुसरे बाराखडी गिरविणाऱ्याचे आहे. का, कि, की, कु हे ज्याच्या बोटांनी अनुभवले आहे त्याला हे सुचते. पत्रात शिकविणारा नाही, गिरविणे नाही, हसू झालेली चूक नाही. ज्या देशात उपदेश करायचा तेथे आधी मुलांच्या रांगेत बसावे लागले, ही गोष्ट मिशनरी लेखनाच्या नियमांत मुख्य पत्राची नव्हती. तिचा माग मात्र लिपीविषयीच्या या एका वाक्यात उरला आहे.

या काळातील स्टीफन्सच्या रोजच्या व्यवहाराचे एक दर्शन दुसऱ्यांच्या लेखनातून होते. १५८३ च्या अखेरीस जॉन न्यूबेरी, राल्फ फिच आदी इंग्रज व्यापारी पकडून गोव्याच्या तुरुंगात टाकले गेले. त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत पाद्री स्टीफन्स होता, अशी कृतज्ञ नोंद त्यांनीच केली आहे. देशबांधवांसाठी धावपळ करणारा हा माणूस ‘क्रिस्तपुराणा’च्या अभ्यासात क्वचितच आठवला जातो.

‘क्रिस्तपुराणा’कडे या दोन पत्रांच्या वाटेने आले की ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग वेगळा दिसू लागतो. तेथे एक नवदीक्षित ब्राह्मण पाद्री-गुरूला विचारतो की, जुनी पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास दुसरे पुराण का देत नाही? हा प्रसंग प्रस्तावनेचा संकेत म्हणून सोडून दिला जातो. भारतीय पुराणांत श्रोत्याच्या प्रश्नाने कथा सुरू होते, हे खरेच. परंतु येथील श्रोत्याच्या प्रश्नात तक्रार आहे. जे काढून घेतले त्याची रिकामी जागा तो दाखवितो. वडिलांना किंवा भावाला लिहिलेल्या पत्रात स्थानिक माणूस असा समोर उभा राहून बोलत नाही. पुराणात तो बोलतो आणि ग्रंथभर श्रोते अडवून प्रश्न विचारीत राहतात. अर्थात हे प्रश्न लेखकानेच लिहिलेले आहेत, त्यांची उत्तरेही त्याच्याच हाती आहेत, आणि वर्ज्य करण्याची सत्ता कोणाच्या बाजूला होती हे विसरून या संवादाला समतेचा संवाद म्हणणे हा भाबडेपणा होईल. तरीही पत्रांत जे निर्विषय वर्णन होते त्याला येथे तोंड फुटले आहे. युरोपीय लेखनप्रकारांत ज्या अनुभवाला जागा नव्हती त्याला ती ओवी आणि पुराण या देशी प्रकारांनी दिली. ‘क्रिस्तपुराणा’च्या देशीपणाचा विचार केवळ शब्दकळेच्या आणि छंदाच्या पातळीवर न करता या पातळीवरही झाला पाहिजे. भाषास्तुतीतील मोगरी आणि कस्तुरी हे उपमानांचे परंपरागत भांडार आहे. श्रोत्याची तक्रार त्या भांडारातून येत नाही.

५ डिसेंबर १६०८ रोजी स्टीफन्सने रोमला संघप्रमुखांना आणखी एक पत्र लिहिले. हा संघप्रमुख क्लाउदिओ आक्वाविवा, म्हणजे कुंकळ्ळीला मारल्या गेलेल्या रोदोल्फोचा काका. या पत्रात हौतात्म्य नाही, माडही नाही. मलबारात झाले तसे येथील भाषेत आणि येथील लिपीत पुस्तक छापले जावे, अशी इच्छा तो व्यक्त करतो. ती आपण अनेक वर्षे मनात बाळगून आहोत असेही सांगतो. अडचण म्हणून तो दोन कारणे देतो. त्यांतले एक वरिष्ठांच्या आज्ञेचे आणि साहाय्याचे. दुसरे असे की युरोपात चोवीस साचे पुरतात, येथे मात्र अक्षरे अवयवरूप असल्याने सहाशे साचे पाडावे लागतील. १५८३ मध्ये भावाला कुतूहलाने कळविलेली बाब पंचवीस वर्षांनी ओतीव साच्यांचा हिशेब होऊन परतली आहे. परवानगीच्या अर्जात आल्यामुळे ती मुख्य पत्रातही बसली.

ते साचे पाडले गेले नाहीत. ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि १६४९ व १६५४ च्या आवृत्त्याही त्याच लिपीत निघाल्या. १९०७ मध्ये मंगळूरला सल्डान्हांनी सिद्ध केलेली प्रतही रोमनच होती. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ती देवनागरीत आणली.